आक्काचा आघाडा

ऋषिपंचमीच्या दिवशी माझी मोठी जाऊ बोलायची बंद झाली. तिथून हे सगळं सुरू झालं.

तशी ती मुळातच कमी बोलणारी. घरात बोलायचं काम माझ्याकडे. मी सांगत राहायचं आणि तिने भाकरी थापता थापता "हं" म्हणत राहायचं, असं मी या घरात नवरी होऊन आले तेव्हापासून चालत आलेलं. आता दोघींचे मालक गेले, पोरं कर्ती झाली, चुलीच्या जागी गॅस आला, पण तिचं "हं" तेच. मी तिला आक्का म्हणते. आमच्या घरातलं बोलणं अहिराणी. लिहायला बसले की मात्र हातातून शाळेतली मराठी उतरते, आणि शाळा माझी काही फार झाली नाही. बाकीचं नातवंडांच्या पुस्तकांवरून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून उचललं. तेव्हा कुठे गडबड वाटली तर सांभाळून घ्या.

तर त्या दिवशी मी सकाळपासून बोलत होते आणि समोरून "हं" येत नव्हतं.

ऋषिपंचमी म्हणजे गणपती बसले की त्याच्या दुसऱ्या दिवशी. बायकांचं व्रत. बाईच्या त्या चार दिवसांत कळत नकळत शिवाशिव झाली असेल तर तिची ऋषींकडे क्षमा मागायची, असं आमच्या सासूबाईंनी आम्हाला सांगितलेलं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या वावरातलं काही चालत नाही. भगर आणि परसात आपोआप उगवलेली भाजी, एवढंच. आणि या सगळ्याच्या आधी, पहाटे, आघाड्याच्या काडीने दात घासायचे. आघाडा तुम्ही पाहिला असेल. बांधावर वाढतो, उंच दांडी, तिला उलट्या टोकांचं बी. लुगड्याला चिकटलं की तुमच्याबरोबर घरापर्यंत येतं. आमच्या घरची रीत अशी की सात ऋषींच्या नावाच्या सात काड्या आधी बाजूला काढायच्या, त्या पूजेत ऋषी म्हणून मांडलेल्या सुपाऱ्यांपुढे ठेवायच्या, आणि मग तेवढ्याच काड्या आपण एकेक करून चावायच्या. दात पडल्यापासून मी ते सोडलं. कवळी काढून काय घासणार? आक्काचे मात्र अजून जवळजवळ सगळे दात जागेवर. तिला त्याचा जरा तोराही आहे.

पुढच्या वर्षी तिला उद्यापन करायचं होतं. म्हणजे व्रत पुरं झालं असं ऋषींना सांगून मोकळं व्हायचं. गुडघे धरतात, बांधावर चढवत नाही. सुनांना यातलं काही करायचं नाही आणि तिने कधी आग्रहही केला नाही. पण आपलं आपण नीट संपवावं, अर्धवट सोडू नये, एवढं तिच्या मनात पक्कं होतं. बाईचं आयुष्यभर केलेलं काम कुणी मोजत नाही. हे एक तरी तिला शेवटपर्यंत न्यायचं होतं.

दुपारी मी पान वाढलं. तिने भगरीचा घास तोंडात घातला आणि डोळ्यांना पाणी आलं.

"काय व्हयनं आक्का? बोलत काबर नही?"

तिने हाताने खूण केली, काही नाही. भगर तशीच सारून ठेवली. तिला वाटलं असावं, उपासाचं तोंड आहे, होईल बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ सुजलेले. मी तिला ओट्यावर उन्हात बसवलं आणि म्हटलं, "आ कर." बघते तर जिभेवर आणि गालाच्या आतून दुधावर साय यावी तसं पांढरं, आणि काही ठिकाणी ती साय निघून खाली लालभडक. मला भाजून निघाल्यासारखं वाटलं, माझं तोंड चांगलं असून.

तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, शेती तोच बघतो. त्याने गाडी काढली आणि आम्ही तिला शहाद्याला एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काय गरम खाल्लं का, तंबाखू-मिश्री आहे का, नवीन गोळी सुरू केली का. सगळ्याला आक्काची मान आडवी. मग ते म्हणाले, "आजी, काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते एकदा सगळं सांगा." आक्का बोलू शकत नव्हती, तेव्हा ते काम आपोआप माझ्याकडे आलं. मी सुरुवातीपासून सांगितलं, आघाड्याच्या काड्यांसकट. डॉक्टर म्हणाले, "या काड्या कुठल्या?"

"आमच्याच बांधावरच्या," मी म्हटलं. "गणपती बसले त्या संध्याकाळी तिने स्वतः तोडून आणल्या."

पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. तो सरळ झाला. "कोन्ता बांध?" त्याने विचारलं.

"केळीकडचा," आक्का सुजलेल्या ओठांनी म्हणाली. आदल्या दिवसापासूनचा तिचा पहिला शब्द.

त्याने तोंडावरून हात फिरवला. गणपतीच्या दिवशी सकाळी त्याने त्याच बांधावर तणनाशक मारून घेतलं होतं. केळीत जायची वाट गवताने बुजली होती, त्या वाटेवर साप दिसला होता, म्हणून.

"माले काय मालूम माय, तू तठून काड्या तोडशी म्हणून."

मीच उत्तर दिलं. "आणि तिला काय मालूम, तू तिथे फवारशील म्हणून?"

दोघांचंही खरं होतं. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं आणि परत परत एकच विचारलं, "रस गिळला का? की थुंकला?" तिने थुंकला होता. व्रतात काडीचा रस गिळत नाहीत. त्यांनी औषधाचा डबा आणायला सांगितला, रक्त-लघवी तपासली, दिवसभर ठेवून घेतलं. संध्याकाळी म्हणाले, यामुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण डबा बघता, गिळलं असतं तर आपण इतक्या आरामात बोलत नसतो. त्यांनी तोंड धुवायचं पाणी दिलं, मलम दिलं, आणि काही दिवस पातळ खायला सांगितलं.

तोंड हळूहळू भरून आलं. मन भरेना. घरी आल्यावर बोलता यायला लागलं तेव्हा तिने पहिल्यांदा काय सांगावं?

"ऋषीसनी तोंड जाळं मन्हं."

मी म्हटलं, आक्का, डबा तू पण पाहिलास ना.

"डबा इसरी जाय. मन्हंच चुकेल व्हई." मग तिने जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. कापूस वेचणीच्या दिवसांत, माणसं मिळत नसत तेव्हा, ती चार दिवस बाजूला बसायची ते बसलीच नाही. सासूबाईंना न सांगता वेचायला गेली. एकदा नाही, कितीतरी हंगाम. "क्षमा मांगस दर साल," ती म्हणाली, "पन ते इसरेल नहीत." आणि म्हणून उद्यापन करायचं नाही. जे ऋषींनी नाकारलं ते पुरं झालं असं त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?

मी पण वेचायला गेलेच होते की. आणि माझं तोंड कुणी जाळलं नाही. हे मी तिला म्हटलं, तर ती म्हणाली, "तू काडी चावस का?"

खरं सांगते, तिचा देवावरचा विश्वास मला हलवायचा नव्हता. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात अशी शिरली की निघेना. ते औषध नक्की करतं काय? मारल्याच्या संध्याकाळी आघाडा चांगला उभा कसा होता? आक्काची नजर काही अधू नाही. जळकी काडी तिने तोडलीच नसती. मग हिरव्या काडीत ते दिसत का नाही? हे मला कळलं तर तिला सांगता येईल, आणि मग ती ठरवेल, ऋषी का फवारा. तेव्हा मी चौकशीला लागले. घरातले हसले. या वयात काकूला नवीन शाळा लागली म्हणाले.

पहिल्यांदा बांध बघायला गेले. आठवडा झाला असेल. पुतण्याची बायको, आमची सून, बरोबर यायला निघाली, तिला म्हटलं राहू दे, मी एकटीच बघत बसते. काय दृश्य होतं! केळीच्या कडेने इस्त्रीचा चटका बसल्यासारखा तपकिरी पट्टा. पट्ट्याच्या अलीकडे हिरवं, पलीकडे हिरवं. आघाडा उभाच होता, पण वाळलेला. आक्काने जिथून काड्या तोडल्या तिथले बुडखे दिसत होते. मी खाली बसले आणि शोधायला लागले, काय काय गेलं म्हणून. तांदुळजा गेला. घोळ गेली. केना गेला, ज्याची भजी सासूबाई करायच्या. गवत तर गेलंच. मजा म्हणजे हरळी तेवढी मुळाजवळून पुन्हा हिरवी व्हायला लागली होती. जिला मारायचं तीच आधी उठली. मी तिला म्हटलंसुद्धा, शाबास.

मग दुकान. शहाद्याला बाजाराच्या दिवशी गेले, एसटी स्टँडवरून चालत कृषी केंद्रात. रिकामा डबा पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. दुकानदार पुतण्याच्या ओळखीचा. घाबरून म्हणाला, "काकू, घरात काही भांडण झालं का?"

"भांडणासाठी मला औषध लागत नाही," मी म्हटलं. "हे सांग, हे गवताला ओळखतं कसं? कापूस सोडतं आणि गवत मारतं, असं काही आहे का?"

त्याला बरं वाटलं असावं, कारण त्याला असं कुणी विचारत नाही. लोक नाव सांगतात, घेऊन जातात. त्याने गिऱ्हाईक बाजूला ठेवून मला समजावलं. तो म्हणाला, हे ओळखत नाही काकू, हिरवं दिसलं की जाळतं, जिथे पडलं तिथे. ऊन लागलं की लवकर जाळतं, ढगाळ असलं तर उशिरा. ते दुसरं आहे, ते पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत जातं. ते मारल्यावर झाड कितीतरी दिवस हिरवंच दिसतं, त्याला स्वतःलाच माहीत नसतं की आपण मेलो आहोत. आणि तिसरं उसात मारतात, ते उसाला काही करत नाही, पण रुंद पानाच्या पिकावर वाऱ्याने गेलं तर त्याची पानं वळतात. कापूस, पपई, वेलभाज्या, काही सोडत नाही.

त्या सबंध वर्षात मला कळलेली ही सगळ्यात नवलाची गोष्ट. गणपतीचा दिवस ढगाळ होता, पाऊस नव्हता, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणजे संध्याकाळपर्यंत आघाडा हिरवा राहिला तो त्यामुळे! ऊन असतं तर पानं तेव्हाच पोळलेली दिसली असती आणि आक्काने काडी तोडलीच नसती. त्याने डब्यावरचा रंगीत चौकोनही दाखवला. तांबडा सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आमच्या डब्यावर पिवळा होता. मी म्हटलं, घरात इतके डबे आले, कुणी तो रंग बघितला का कधी? तो म्हणाला, काकू, लोक डबा धुऊन त्यातून वावरात प्यायचं पाणी नेतात. तुम्ही रंगाचं काय विचारता.

हे ऐकून मी घरी आले ते थेट आमच्या न्हाणीघरात. तिथे तसलाच एक डबा, तोंड कापलेला, तुळशीला पाणी घालायला ठेवलेला. तो मी फेकला. सून म्हणाली, चांगला होता की. मी तिला चौकोन दाखवला. मग दोघी मिळून घरभर शोधत फिरलो, आणि आणखी सापडले.

फवारणारा माणूस गावातलाच. रोजाने पंप पाठीला बांधून सगळ्यांच्या वावरात जातो. त्याला मी दिवाळीनंतर ओट्यावर चहाला बोलावलं. त्याने कप धरला तेव्हा माझं लक्ष नखांकडे गेलं. पांढरी, खडबडीत, दोन तर निम्मी निघालेली.

"हे काय रे भाऊ?"

"पंप गळस ना काकू." त्याने सहज सांगितलं. नाकातून रक्त पण येतं, म्हणाला, पण ते उन्हाने. मी विचारलं, हिवाळ्यात फवारतोस तेव्हा येतं का? त्याने कप खाली ठेवला. हिवाळ्यातही येतं हे त्याला आठवत होतं. "येस," तो म्हणाला, "येस खरं." आणि त्याच हाताने त्याने खिशातून पुडी काढली, दाताने फाडली आणि तोंडात टाकली. मला आक्काच्या काड्या आठवल्या. मी म्हटलं, अरे, निदान हात तरी धुऊन. तो हसला. "काकू, तुम्ही डॉक्टर व्हयी गयात का?" पण चहाचा दुसरा कप घ्यायच्या आधी तो नळावर जाऊन आला. हेही सांगते. पुढे त्याची बायको भेटली तर म्हणाली, तुमच्यामुळे आता मला साबण जास्त लागतो.

मी हे औषध बंदच करा असं म्हणत नव्हते, ते पण लिहून ठेवते. आम्ही दोघींनी जन्मभर खुरप्याने तण निंदलं आहे. आक्काचे गुडघे आणि माझी कंबर कुठे गेली ते आम्हाला माहीत आहे. पूर्वी अक्कलकुव्याकडून, डोंगरातून निंदणीला बाया यायच्या, गाणी म्हणत ओळी धरायच्या. आता त्या गुजरातेत कामाला जातात, आणि का जाऊ नये? पुतण्या म्हणतो, निंदायला माणूस नाही, वाट बघत बसलो तर पीक गवतात बुडतं. त्याचं चूक नाही. म्हणून आमचं भांडण झालं नाही. झालं ते एवढंच, की मी विचारत राहिले आणि तो वैतागत राहिला.

"आठे बी मारा का? तठे बी मारा का? काकू, तुम्ही मन्ही परीक्षा ली ऱ्हायन्यात का?"

मग उन्हाळा लागता लागता त्याची पपई वाकडी झाली. म्हणजे पानं अशी झाली की पंजाची बोटं आवळावीत. आधी त्याला वाटलं रोग आहे. पपईला तसा रोग असतोच. पण वाकडी झाली ती फक्त उसाच्या बाजूच्या ओळींची. बाकीची झाडं चांगली. शेजाऱ्याने उसात औषध मारलं होतं आणि त्या दिवशी वारा आमच्याकडे होता. पुतण्या बांधावर उभा राहून बराच वेळ त्या ओळींकडे बघत होता. शेजाऱ्याशी भांडायला निघाला आणि अर्ध्यातून परत आला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "तो म्हनी, तू बी तं मारस. मन्हा दुधी गया तव्हय मी काही बोलनू का?"

त्या संध्याकाळी जेवताना तो आपण होऊन म्हणाला, "काकू, केळीकडला बांध सोडी देऊत. तठे पंप नही." मी आक्काकडे बघितलं. ती आमटी ओतत होती. "पन निंदाले कोन येई?" त्याने विचारलं. "तुम्ही येशात का?"

"येसूत," आक्का म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. उद्यापनाचं नाव तिने त्या दिवसानंतर काढलं नव्हतं.

असं आम्ही दोन म्हाताऱ्या पाऊसकाळात बांध निंदायला लागलो. निंदायचं म्हणजे काय, वाट मोकळी ठेवायची आणि बाकीचं वाढू द्यायचं. आक्का पाट टाकून बसायची, खुरपं घेऊन, आणि तिथल्या तिथे सरकायची. मी उभ्याने बोलायचे. आघाडा उगवला, आधी एकदोन, मग भरपूर. कुठून बी आलं कुणास ठाऊक; पलीकडच्या बांधावरून कुणाच्या लुगड्याला, धोतराला चिकटून आलं असेल. केना आला. तांदुळजा आला, त्याची भाजी पण केली, पण आक्काने खाल्ली नाही. ती बांधाला हात लावत होती, तोंड लावत नव्हती. गौरी-गणपती जवळ आले तरी उद्यापनाचं हो नाही, नाही नाही. एकदा मी सरळ विचारलंच.

"आक्का, यंदा करशी का?"

खुरपं थांबलं. "तोंड फिरी सोलायनं तं?"

मला तेव्हा कळलं, तिला ऋषींचीच भीती होती असं नाही, काडीचीही होती. वर्षभर मी तिला दुकान, चौकोन, ढगाळ दिवस सगळं सांगितलं होतं आणि तिने "हं" म्हणून ऐकलं होतं. ते तिला पटलंही असावं. पण पटल्यामुळे भीती कमी होत नाही. उलट आता तिला दोन्हीकडून भीती. शेजाऱ्याचा ऊस तर समोरच उभा. वारा कुणाच्या हातात आहे? मी बांधाच्या टोकाला काठीवर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती, वारा बघायला, आणि शेजाऱ्याला सांगून ठेवलं होतं की गणपतीपर्यंत थांब बाबा. तो बरा माणूस आहे, हो म्हणाला. तरी.

तेव्हा मी ठरवलं. गणपती यायला थोडे दिवस होते. सकाळी उठले, बांधावर गेले, आघाड्याच्या सात काड्या तोडल्या, आक्कासमोर ओट्यावर बसले, कवळी काढून पेल्यात ठेवली आणि हिरड्यांवर काडी फिरवायला लागले.

आक्का पोळपाट धुऊन येत होती. तिथेच उभी राहिली. "तुन्हा तोंडमा दात नहीत. तू काय घासी ऱ्हायनी?"

मला बोलता येत नव्हतं. चांगल्या सातही काड्या चावल्या, म्हणजे चघळल्या. कडसर, तुरट, जिभेवर नंतर किती वेळ रेंगाळतं ते. थुंकले, चूळ भरली, कवळी बसवली आणि म्हटलं, "आता उद्या सकाळी बघ."

"याडी शे का तू?" ती ओरडली. आक्का ओरडली! घरातली बाहेर आली. पुतण्याला कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. एकदा दवाखाना झाला तो पुरे नाही का, म्हणाला. मी म्हटलं, बांधावर पंप नाही असं तूच म्हणालास. तुझ्या शब्दावर चघळलं.

त्या दिवशी आक्का माझ्या मागे मागे. पाणी पिताना बघ, जेवताना बघ. तिखट लागतं का? झोंबतं का? मी मुद्दाम लसणाची चटणी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने मला ओट्यावर उन्हात बसवलं, वर्षापूर्वी मी तिला बसवलं होतं तिथेच, आणि चष्मा नाकावर खाली ओढला.

"आ कर. जीभ काढ. आखो काढ."

मी जीभ आणखी बाहेर काढली.

"वर कर. आते बाजूले." तिने बोटाने गाल ओढून आतून बघितलं, दुकानात कापड बघतात तसं.

"कशी शे?" मी जिभेसकट विचारलं.

"लाल शे," ती म्हणाली. "चांगली शे. लांब तं तुन्ही पयलेफाईनच शे."

सून हसली, मी हसले, आणि आक्का आत गेली. आत जाऊन तिने सुपाऱ्यांची डबी काढली, हे मला सुनेने सांगितलं.

गणपती बसले त्या संध्याकाळी आम्ही दोघी बांधावर गेलो. या वेळी ऊन होतं. तिने काड्या तोडल्या, एकेक करून, पान उलटून बघून. परत येताना लुगड्याला बी चिकटलं होतं ते तिने झटकलं नाही. शेजाऱ्याच्या बांधाजवळ, जिथे त्याने पूर्वी मारलं होतं आणि अजून उघडंच होतं, तिथे ती थांबली आणि पदरावरचं, निऱ्यांवरचं बी वेचून खाली टाकत बसली. मी म्हटलं, त्याने बघितलं तर म्हणेल माझ्या बांधावर तण पेरता. "म्हनू दे," ती म्हणाली.

पहाटे तिने ऋषींच्या काड्या बाजूला काढल्या. मग आपली पहिली काडी घेतली. मी दारात उभी. तिने माझ्याकडे बघितलं, काडी तोंडात घातली आणि चावली. चेहरा वाकडा झाला, कडूपणाने. मग दुसरी घेतली. मी मोजत राहिले, सातापर्यंत.

आंघोळ झाली, चौरंग मांडला, सुपाऱ्यांचे ऋषी बसले. ब्राह्मण यायला वेळ होता. आक्काने त्यांच्यापुढे काड्या ठेवल्या आणि हात जोडले. आमच्या घरात कुणी देवाशी मोठ्याने बोलत नाही, ती तर माणसांशीही बोलत नाही. पण त्या दिवशी तिने सुपाऱ्यांकडे बघत सांगितलं आणि मी मागे उभी राहून ऐकलं.

"मांगला साल तुमनं बी तोंड सोलाई गयं व्हई. मीच तुमले त्या काड्या देल व्हत्यात. माले मालूम नव्हतं." मग तिने काड्या सरळ केल्या. "यंदा मन्हा हातखाले वाढेल शे. खुशाल चावा."

मग ती मागे वळली आणि मला म्हणाली, "उभी काय ऱ्हायनी? भगर ठेव. उद्यापन शे, लोके येतीन."

मी स्वयंपाकघरात गेले, आणि जाता जाता बोलायला लागले, भगर किती घ्यायची, भाजी कुठली, बोलावणं कुणाला राहिलं. मागून आवाज आला, "हं."